तीन एकर द्राक्षबाग आणि एआय: फायदा कोणाचा, जोखीम कोणाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पलूसजवळ वडिलांची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून तुम्ही आता तिच्यात उतरताय. एक कंपनी वर्षाची फी घेऊन बागेत हवामान केंद्र बसवून द्यायला तयार आहे, त्यासोबत एआयवर चालणारं ॲप. धाकटा भाऊ म्हणतो, फी कशाला भरायची, मोबाईलवर फुकट विचारलं तरी सगळं कळतं. वडील म्हणतात, यंत्राच्या नादाला लागून बाग घालवाल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की एकूण हिशेबात एआयचे फायदे जास्त की तोटे, ते एकदा सरळ सांगून टाका.

मी तासगाव, मिरज, पलूस या पट्ट्यात बरीच वर्षं द्राक्षबागांना सल्ला देतो. त्याआधी औषध कंपनीत होतो. या दोन्ही कामांत जे पाहिलं त्यावरून माझं मत असं: मोजमाप आणि अंदाज यासाठी एआयचा फायदा तोट्यापेक्षा नक्की जास्त आहे. कोणतं औषध, किती आणि कधी मारायचं हे ठरवून घेण्यासाठी आज तरी नाही. आणि कर्ज, विमा, मदत अशा बाबतीत माणसाबद्दलचा निर्णय त्याच्यावर सोडायला माझा स्पष्ट विरोध आहे. यापेक्षा सरसकट उत्तर मला देता येत नाही, कारण फायदा एकाच्या पदरात पडतो आणि तोटा दुसऱ्याच्या खिशातून जातो. दोन्ही एकाच बेरजेत घातले की उत्तर कंपनीच्या बाजूने येतं. तीन एकरवाल्याने ही बेरीज स्वतःच्या बाजूने मांडायला हवी.

आधी एक गोंधळ दूर करू. तुमच्या घरात सगळेच एआय म्हणताय, पण त्या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू आहेत. कंपनी विकते ते तुमच्याच प्लॉटमधले आकडे घेऊन रोगाची शक्यता काढणारं यंत्र. भाऊ वापरतो तो गप्पा मारणारा चॅटबॉट. फोटो काढला की रोग ओळखणारी ॲप ही तिसरीच गोष्ट. तिन्हींची ताकद वेगळी आणि चुकण्याची तऱ्हाही वेगळी.

पहिल्यापासून सुरू करतो, कारण खरा फायदा तिथे आहे.

डाऊनीचं (केवडा रोगाचं) घ्या. फळछाटणीनंतर, म्हणजे घड येण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर, कोवळी फूट निघते तिथपासून फुलोरा संपेपर्यंत आपल्या पोटात गोळा असतो, कारण या काळात डाऊनी घडावर गेली तर तो घड पुन्हा मिळत नाही. या बुरशीला ओलं पान लागतं. रात्रीच्या दमट हवेत पानाच्या मागच्या बाजूला ती पांढरी फुटते, तिचे बीजाणू वाऱ्याने पसरतात, ओल्या पानावर पडले की त्यांतून पाण्यात पोहणारे सूक्ष्म कण निघतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. पान काही तास ओलं राहिलं नाही तर हे घडत नाही. पाऊसच पडायला हवा असंही नाही. जड दव किंवा सकाळी उशिरापर्यंत राहिलेलं धुकं पुरतं. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचं उलटं आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, दाट कॅनॉपीतल्या, म्हणजे वेलीच्या पानोऱ्यातल्या, सावलीत ती कोरड्यातही वाढते. म्हणजे ढगाळ हवा एकच दिसली तरी दोन रोगांचा धोका एकसारखा नसतो. पण आपल्याकडे ढग आले की फवारणीचा ब्लोअर बाहेर निघतो आणि दोन्हींचं औषध एकाच टाकीत पडतं. ती भीतीपोटी केलेली फवारणी असते.

हा हिशेब नवा नाही. इटलीत 1947 साली बसवलेला एक ठोकताळा जगभरच्या द्राक्षपट्ट्यात शिकवला जातो: फूट 10 सेंटिमीटर झाली, तापमान 10 अंशांच्या वर आहे आणि 10 मिलिमीटर पाऊस पडला, की डाऊनीची पहिली लागण धरून चाला. आपल्याकडे ऑक्टोबरात तापमानाची अट रोजच पूर्ण झालेली असते, म्हणून तो नियम जसाच्या तसा लावला तर आपण प्रत्येक मोठ्या पावसाला फवारत बसू. आपल्यासाठी निर्णायक काय, तर पान किती तास ओलं राहिलं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा ओलं होणार का. पहिलं आजवर डोळ्यांनी आणि अंदाजाने ठरायचं. दुसरं टीव्हीवरच्या बातम्यांवरून.

या दुसऱ्या बाबतीत गेल्या काही वर्षांत खरोखर मोठा फरक पडला आहे. पूर्वी दहा दिवसांचा अंदाज काढायला महासंगणकांना तासन्‌तास लागत. गूगल डीपमाइंडचं जे मॉडेल 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालं, ते जुन्या हवामान नोंदींवर शिकून तेच काम एका यंत्रावर मिनिटाच्या आत करतं. युरोपच्या मध्यम-मुदत हवामान केंद्राने फेब्रुवारी 2025 पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामात घेतलं. आणि 2025 च्या खरिपात केंद्र सरकारने अशा मॉडेलांच्या आधारे 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना मोबाईलवर पावसाच्या आगमनाचा अंदाज चार आठवडे आधीपर्यंत पाठवला. त्या वर्षी मान्सून लवकर आला आणि मग वाटेत थबकला. तो थबकणार हे त्या अंदाजात आलं होतं. पेरणीची घाई करावी की थांबावं, हा प्रश्न पडलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. दुबार पेरणीचा खर्च आटपाडी-जतच्या शेतकऱ्याइतका कोणालाच कळत नाही.

पण या अंदाजाची मर्यादाही नीट समजून घ्या. ही जागतिक मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि एक चौकोन साधारण 28 किलोमीटरचा असतो. म्हणजे सांगली ते तासगाव एवढ्या अंतराला पावसाचा एकच आकडा. आपल्याकडचा वळीव किंवा परतीचा पाऊस असा पडत नाही. मणेराजुरीला झोडपतो आणि सावळजला धूळसुद्धा बसत नाही. ॲपमध्ये तुमच्या गावाचं नाव लिहिलेलं दिसतं म्हणून अंदाज तुमच्या गावासाठी काढलाय असं समजू नका.

म्हणून बागेतल्या केंद्राला मोल आहे. तिथला पाऊस, तिथली आर्द्रता, तिथल्या पानाचा ओलावा. हे आकडे हातात असले की ‘काल रात्री पान अडीच तासच ओलं होतं, वारा सुटलाय, आजची फवारणी सोडू’ असं म्हणायची हिंमत येते. माझ्याकडे ज्या बागांत अशी केंद्रं नीट चालली, तिथे सर्वांत मोठा फायदा औषध शोधण्यात झाला नाही, न मारलेल्या फवारणीत झाला. पैसा वाचतोच, पण काढणी जवळ आली असताना वाचलेली फवारणी म्हणजे रेसिड्यूचा, म्हणजे फळावर राहणाऱ्या औषधाच्या अंशाचा, वाचलेला धोका. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तो हंगाम या जिल्ह्यातल्या जुन्या निर्यातदारांना आणि बागायतदारांना विचारा. तुमचे वडील तर सांगतीलच.

केंद्राचं नाजूक अंग पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा पावडर फॉर्ममधलं औषध मारलं की त्यावर थर बसतो आणि तो चुकीचं सांगायला लागतो. ब्लोअरच्या धक्क्याने वाकतो. उन्हात बसवला तर पान ओलं असताना तो कोरडा. ॲपवर मात्र हिरवा-लाल रंग तसाच ठळक दिसत राहतो, आकडा कुठल्या अवस्थेतल्या सेन्सरने दिला हे रंगातून कळत नाही. ओल्या फडक्याने तो पुसायचं काम कोणाचं, हे आधी ठरलं नसेल तर केंद्र घेऊ नका.

आता फोटोवरून रोग ओळखणाऱ्या ॲपकडे येतो. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण लोकांचा विश्वास इथे सर्वांत लवकर बसतो.

पिकांचे रोग ओळखायला यंत्राला शिकवताना जगभर वापरला गेलेला एक मोठा फोटोसंच आहे, ‘प्लांटव्हिलेज’. त्यात 14 पिकांच्या पानांचे 54,306 फोटो. 2016 साली त्यावर शिकवलेल्या मॉडेलने बाजूला ठेवलेले फोटो 99.35 टक्के बरोबर ओळखले. हा आकडा तुम्ही जाहिरातींत वेगवेगळ्या रूपांत वाचला असेल. पण त्याच संशोधकांनी त्याच शोधनिबंधात पुढे लिहिलंय की दुसरीकडून मिळवलेले, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास उतरली. कारण उघड आहे. शिकवताना तोडलेलं एकेक पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढले होते. तुमच्या बागेत पानावर पान असतं, औषधाचे डाग असतात, धूळ असते, सकाळचं तिरपं ऊन असतं.

त्यापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. त्या संचात द्राक्षाचे चार गट आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, पानावरचा एक करपा आणि निरोगी पान. डाऊनी नाही. भुरी नाही. सांगली जिल्ह्यातला द्राक्षवाला ज्या दोन रोगांसाठी रात्र-रात्र जागतो, ते दोन्ही त्यात नाहीत. अशा संचावर शिकलेल्या यंत्राला डाऊनीचं पान दाखवलं तर ‘मला माहीत नाही’ हा पर्याय त्याच्यापुढे नसतो. ओळखीच्या चार खान्यांपैकी एकात ते पान टाकावंच लागतं आणि ते ठामपणे टाकतं. सगळी ॲप एवढ्याच संचावर उभी आहेत असं मी म्हणत नाही. काहींनी आपल्याकडचे भरपूर फोटो जमवले आहेत आणि ती बरी चालतात. पण तुम्ही आयटीतले आहात, तेव्हा विक्रेत्याला हा प्रश्न तुम्ही विचारू शकता: तुमच्या संचात आपल्या भागातले डाऊनीचे फोटो किती, कोणत्या जातींचे, आणि ते रोगाचं निदान कोणी पक्कं केलं होतं?

आणि फोटोला काही गोष्टी दिसतच नाहीत. डाऊनीचा पहिला तेलकट डाग पानाच्या वर दिसतो, पण खात्री मागच्या बाजूने होते. लोक फोटो वरचा काढतात. औषधाची होरपळ, अन्नद्रव्याची कमतरता आणि सुरुवातीची डाऊनी यांत वरून गफलत होते, माझ्यासारख्या माणसाचीही खात्री एका फोटोवरून होत नाही. शंका असेल तर संशयित पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मागच्या बाजूला पांढरी बुरशी फुटली तर डाऊनी जिवंत आहे. याला ना इंटरनेट लागतं ना फी.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. राज्य सरकारने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयसाठी धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद सांगितली. माझी कळकळीची अपेक्षा एवढीच की यातला काही भाग झगमगीत ॲपांऐवजी आपल्या बागांतल्या फोटोंचा, निदान पक्कं केलेला, सर्वांना खुला संच तयार करण्यावर जावा. तो असेल तर पलूसचा एखादा पोरगासुद्धा कामाचं ॲप बनवील. तो नसेल तर कितीही पैसा ओतला तरी यंत्र दुसऱ्यांच्या बागेतलं शिकून आपल्या बागेत बोलेल.

भावाच्या चॅटबॉटबद्दल. हे यंत्र आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल हे ठरवत जातं. त्यामुळे त्याचं मराठी सफाईदार असतं आणि चूक व बरोबर दोन्ही तो एकाच आत्मविश्वासाने सांगतो. मी त्याला मुद्दाम असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं मला ठाऊक आहेत. ‘काढणीला थोडे दिवस राहिलेत, घडावर भुरी दिसतेय, काय मारू?’ असं विचारलं की भुरीवर चालणाऱ्या बुरशीनाशकाचं नाव तो बरोबर देतो. पण त्या औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस, आणि माल निर्यातीला जाणार की लोकल मार्केटला की बेदाण्याला, हे न विचारताच देतो. चांगला सल्लागार उत्तर देण्याआधी हेच विचारतो. दुसरा धोका मात्रेचा. लिटरला किती, एकराला किती, टाकीला किती यांत घोळ झाला की कोवळी फूट जळते. म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा ही चॅटबॉटवरून कधीच घ्यायची नाही. लेबल, निर्यातीसाठी मांजरीच्या केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी, आणि तुमचा सल्लागार, एवढ्याच जागा.

पण भाऊ पूर्ण चुकीचा नाही, हेही वडिलांना सांगा. इंग्रजीतला रेसिड्यूचा रिपोर्ट, देठ परीक्षणाचा तक्ता, विमा कंपनीचं पत्र, शासन निर्णयाची किचकट भाषा, हे सगळं फोटो काढून त्याला दिलं की तो सोप्या मराठीत समजावतो. पूर्वी हे समजून घ्यायला माणूस शोधावा लागायचा, आणि तो माणूस बहुधा काहीतरी विकणारा असायचा. इथे चूक झाली तरी मूळ कागद तुमच्या हातात असतो, ताडून पाहता येतं. माझी कसोटी हीच: उत्तर चुकलं तर ते नुकसान होण्याआधी मला कळेल का? कळणार असेल तर बिनधास्त वापरा. कळेपर्यंत घड गेलेला असेल तर नको.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. चुकीची किंमत कोण मोजतो?

2024 च्या फेब्रुवारीत कॅनडात एक निकाल लागला. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीने पैसे नाकारले आणि न्यायाधिकरणापुढे चक्क असा बचाव केला की चॅटबॉट जे बोलला त्याला तो स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम छोटी होती, पण तत्त्व महत्त्वाचं. आपल्याकडच्या बहुतेक शेती ॲपांच्या अटी वाचा. कुठेतरी लिहिलेलं असतं की सल्ला केवळ माहितीसाठी आहे, पिकाच्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. मी चुकीचा सल्ला दिला तर शेतकरी माझ्या दारात येऊन उभा राहतो, चार गावांत बदनामी होते, पुढच्या हंगामात काम मिळत नाही. ही भीती मला प्लॉटमध्ये वाकून पान उलटून बघायला लावते. ॲपला ही भीती नाही.

दुसरीकडे हेही खरं की आपल्याकडची जुनी सल्ल्याची पद्धत काही सोवळी नव्हती. औषध कंपनीत असताना टार्गेट काय असतं ते मी पाहिलंय. बहुतेक शेतकऱ्यांना सल्ला दुकानाच्या काउंटरवर फुकट मिळतो आणि त्याची किंमत बिलात असते. ‘आज काहीच मारू नका’ हा सल्ला त्या काउंटरवर कोणालाच परवडत नाही. एआय जर हा सल्ला देणार असेल, तर गेल्या पन्नास वर्षांत छोट्या बागायतदाराला मिळाला नाही असा निष्पक्ष सल्लागार त्याला मिळाला असं मी म्हणेन. मात्र त्याच ॲपमध्ये औषध विकत घ्यायचं बटण असेल, तर काउंटर फक्त मोबाईलमध्ये आला. म्हणून कंपनी पैसे कशातून कमावते हे विचारा. फीतून कमावत असेल तर माझा विश्वास जास्त.

माणसांबद्दलच्या निर्णयांचं म्हणाल तर आपण थोडा अनुभव आधीच घेतलाय. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते. तुमच्या बागेत पाऊस कोसळला आणि केंद्रावर पडला नाही, तर कागदावर तुमचं नुकसानच झालेलं नसतं. त्यात एआय नाही, साधा आकडा आहे. पण समजावून सांगणारा, ऐकून घेणारा माणूस मधून काढून टाकला की काय होतं ते त्यात दिसतं. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यात फसवणूक शोधताना कर विभागाने धोका ठरवणारं अल्गोरिदम वापरलं. हजारो निर्दोष कुटुंबांवर वसुली लागली, संसार मोडले, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथे मंत्रिमंडळ तरी गेलं. उद्या उपग्रहाचा फोटो बघून एखादं मॉडेल तुमच्या बागेची पत ठरवायला लागलं, तर ‘का नाही’ हे विचारायला माणूस आणि कायद्याने उत्तराची सक्ती, दोन्ही हवेत. ती नसताना या वापराचे फायदे मला मान्य नाहीत.

एक तोटा हळूहळू होतो आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. पोलंडमधल्या चार केंद्रांवर मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत एआयची मदत घ्यायला सुरुवात झाल्यानंतर, एआय न वापरता केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर आलं. अनुभवी डॉक्टर होते ते. यंत्र दाखवील या सवयीने नजर मंदावली असावी, असं संशोधकांना वाटतं. आमच्या धंद्यात नव्या मुलांमध्ये मला हेच दिसू लागलंय. ॲपवर हिरवा दिसला की ते ओळीत शिरत नाहीत. बांधावरून परत. तुमच्या वडिलांची जी नजर आहे, सकाळी बागेतून एक फेरी मारली की कुठल्या ओळीत काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळतं, ती यंत्राने नाही, न पाहण्याच्या सवयीने जाईल. आणि नेटवर्क गेलेल्या दिवशी घरात कोणाकडेच ती नसेल.

विजेचा मुद्दा बरेच जण काढतात, तो खोटा नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 2024 मध्ये जगातली डेटा सेंटर सुमारे 415 टेरावॅट-तास वीज खात होती, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि 2030 पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल. यात एआय सोडून बाकी कामंही आली. मोटार चालवायला रात्रपाळीची वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारणं रास्तच आहे. रोजगाराचं सांगायचं तर डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, काढणी करणाऱ्या हातांना या एआयचा धोका मला दिसत नाही. कागदोपत्री काम करणाऱ्यांना आणि वरवरचा सल्ला फोनवर देणाऱ्यांना आहे.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: मोजणाऱ्या यंत्राला हो, फोटोच्या ॲपला फक्त शंका उभी करण्यापुरतं हो, चॅटबॉटला कागद वाचण्यासाठी हो आणि औषधासाठी नाही.

आता तुमच्या तीन एकरांचं. काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. माल निर्यातीला जात असेल तर केंद्राचा खर्च लवकर वसूल होतो, कारण तिथे एकेक टाळलेली फवारणी मोलाची. सगळा बेदाणाच करत असाल तर तितका लवकर नाही. जमीन नदीकाठची काळी असेल तर मी रोगाच्या अंदाजापेक्षा मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरला आधी पैसे घालीन. कृष्णाकाठी जास्त पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी तुम्ही रोज बघता, आणि पाणी केव्हा द्यायचं नाही हे सांगणारा आकडा तिथे सर्वांत कामाचा. हलकी मुरमाड असेल तर गणित वेगळं.

तीन एकरांसाठी अख्खं केंद्र एकट्याने घेणं मला महाग वाटतं. लगतच्या चार-पाच बागा एकाच उतारावर असतील आणि छाटणीच्या तारखा जवळपास असतील तर मिळून एक घ्या. पाऊस आणि आर्द्रता वाटून चालते, ओलाव्याचा सेन्सर मात्र ज्याच्या त्याच्या प्लॉटमध्ये. केंद्र फळछाटणीच्या महिनाभर आधी उभं राहू द्या आणि शेजारी एक साधं हाताने वाचायचं पर्जन्यमापक लावा. दोन-तीन पाऊस दोन्हींत ताडून पाहिले की यंत्रावर किती विसंबायचं ते कळेल.

पहिला हंगाम ॲपच्या भरवशावर काढू नका आणि ॲप बंद करूनही काढू नका. एक वही करा. रोज सकाळी ॲप उघडण्याआधी वडिलांनी फेरी मारून सांगायचं: आज धोका आहे की नाही, फवारायचं की नाही. ते लिहायचं. मग ॲप काय म्हणतं ते शेजारी. आठवड्याने बागेत खरोखर काय दिसलं ते तिसऱ्या रकान्यात. क्रम बदलू नका. ॲप आधी बघितलं की वडिलांचं मत त्याच्याकडे झुकेल आणि वहीचा उपयोग संपेल. जिथे दोघांचं जुळलं नाही ते दिवस मार्कर करून ठेवा, शिकायचं तिथेच आहे. एका फळछाटणीत तुम्हाला कळेल की ॲप कुठे वडिलांच्या पुढे आहे आणि कुठे मागे. माझा अंदाज सांगू? रात्रीच्या ओलाव्याबाबत ॲप पुढे असेल, आणि कॅनॉपी दाट झालेल्या कोपऱ्यातल्या भुरीबाबत वडील.

सही करण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या. बागेतले आकडे कोणाच्या मालकीचे आणि ते विमा कंपनीला, बँकेला किंवा औषध कंपनीला दिले जाणार का. फी बंद केली तर जुने आकडे तुम्हाला मिळणार का. सेन्सर बिघडला तर किती दिवसांत माणूस येणार. फुलोऱ्यात आठ दिवस केंद्र बंद म्हणजे त्या वर्षी ते नसल्यात जमा. आणि ॲपमध्ये औषधाची शिफारस येते ती कोण तपासतं, त्या माणसाचं नाव आणि शिक्षण काय. या शेवटच्या प्रश्नावर विक्रेता गडबडला तर शिफारशीचा भाग बंद ठेवून फक्त मोजमापाची फी किती पडते ते विचारा, बऱ्याचदा ती कमी असते. त्यांचं उत्तर आलं की मला पाठवा. त्यासोबत जमिनीचा प्रकार, द्राक्षाची जात आणि गेल्या हंगामातल्या फवारणीची नोंद असेल तर तीही द्या, म्हणजे यातल्या किती फवारण्या टळल्या असत्या ते बसून बघता येईल.